'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका

सेवानिवृत्तीनंतर किंवा जोडीदाराच्या निधनानंतर घरातील ज्येष्ठ व्यक्ती हळूहळू अबोल होत जाते. पहाटेचे फिरणे बंद पडते, वर्तमानपत्राची घडीही मोडली जात नाही, एरवी हवाहवासा वाटणारा नातवंडांचा दंगा नकोसा होतो. घरचे म्हणतात, 'वय झाले आता.' हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्याआड एक बरा होण्याजोगा आजार दीर्घकाळ लपून राहतो. नैराश्य हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग नव्हे.

वाचकहो, 'मी उदास आहे' असे सांगणारे आजी-आजोबा आपल्याला क्वचितच भेटतील. ते म्हणतात, डोके जड झाले आहे, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, अन्नावर वासना नाही. तपासण्या होतात, त्यांत काही आढळत नाही, आणि 'उगाच बाऊ करतात' असा निकाल घरातच लागतो. तपासण्या मात्र टाळू नयेत. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही अशीच मरगळ येते. नैराश्यातील विसराळूपणा कधी कधी स्मृतिभ्रंशासारखा भासतो, हेही ध्यानात असावे.

जोडीदार गेल्याचे दुःख लाटांसारखे येते. मधूनमधून एखादी आठवण हसूही आणते. परंतु किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच काळ मन कशातच रमत नसेल, पहाटे दोन-तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, 'मी तुमच्यावर भार झालो आहे' असे शब्द वारंवार येत असतील, तर डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली आहे.

बोलावे कसे? 'मन घट्ट करा', 'तुम्हाला कशाची कमी आहे?' ही वाक्ये प्रेमापोटीच येतात. पण ऐकणाऱ्याला ती आरोपासारखी लागतात. त्यापेक्षा जे दिसले तेवढेच सांगावे. 'बाबा, हल्ली तुम्ही भजनाला जात नाही, जेवणही निम्म्यावर आले आहे. मला काळजी वाटते.' आणि मग गप्प राहावे. हे गप्प राहणेच आपल्याला सर्वांत जड जाते! समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा भाजी निवडताना किंवा अंगणात शेजारी बसून केलेली चौकशी अनेकांना सुसह्य वाटते.

एक प्रश्न मात्र आडवळणाने विचारू नये. 'जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावा असे मनात येते का?' असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारले याने पुष्कळांना हायसे वाटते. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे सोडू नका, साठवलेल्या गोळ्या आणि शेतीघरातील कीटकनाशके हाताला लागणार नाहीत अशी ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आणि चोवीस तास उपलब्ध असतो. मराठीतूनही बोलता येते.

'मी वेडा आहे का?' म्हणून मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास नकार मिळाला, तर वाद घालू नये. ज्यांच्यावर त्यांचा विश्वास आहे अशा कुटुंबाच्या डॉक्टरांकडे आधी जावे, सोबत जावे, आणि दिसलेल्या गोष्टी तारखांसह लिहून न्याव्यात. कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर आजोबा 'सगळे ठीक आहे' एवढेच सांगण्याची शक्यता मोठी.

औषधे सुरू झाल्यास त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात 'फरक नाही' म्हणून आणि पुढे 'बरे वाटते' म्हणून, अशा दोन वेळी गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. या दोन्ही वेळी डॉक्टरांना विचारल्याखेरीज गोळी थांबू नये, याकडे घरातील एकाने तरी लक्ष ठेवावे.