मनगटातले न दिसणारे दोर

तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून माझा पाय घसरला. पडताना माणूस हात पुढं टेकतो, तसा मीही टेकला. मनगट सुजलं. अम्मीनं आंबेहळदीचा लेप लावला. एक्स-रे काढला, तर हाड शाबूत. ‘नुसतं मुरगळलंय’ एवढं ऐकून निश्चिंत मनानं घरी आलो. पण चार महिने उलटले तरी भरलेली कळशी उचलताना, जमिनीवर हात टेकून उठताना कळ यायचीच. तेव्हा कुठं उमगलं, की एक्स-रेत हाडं दिसतात. हाडांना बांधून ठेवणारे दोर दिसत नाहीत.

या दोरांना अस्थिबंध म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडतो तो स्नायुबंध आणि हाडाला हाडाशी जोडतो तो अस्थिबंध. मनगट म्हणजे एक सांधा, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तिथं खड्यांसारखी आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली असतात. कोपराकडच्या ओळीतल्या तीन मुख्य हाडांना मनगट हलवणारा एकही स्नायुबंध जोडलेला नसतो. शेजारची हाडं ढकलतील तशी ती सरकतात आणि अस्थिबंध आवरतील तिथं थांबतात.

यातली दोन हाडं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. अंगठ्याच्या बाजूचं नावेसारखं आणि त्याला लागून असलेलं चंद्रकोरीसारखं. नावेची ओढ तळहाताकडे वाकण्याची, तर चंद्रकोरीची उलट दिशेला कलण्याची. दोघांमधला कमानीसारखा अस्थिबंध ही ओढाताण तोलून धरतो. तो तुटला, की दोन्ही हाडं आपापल्या वाटेनं जातात. मुठीतली ताकद कमी होते आणि दुर्लक्ष केलं तर काही वर्षांत सांधा झिजतो.

करंगळीच्या बाजूचे अस्थिबंध ओलं धोतर पिळताना, कुलपात किल्ली फिरवताना मनगट सांभाळतात. तळहाताच्या मुळाशी असलेल्या आडव्या पट्ट्याखालून बोटांचे नऊ स्नायुबंध आणि एक मज्जातंतू जातो. तिथं दाटी झाली, की रात्री बोटांना मुंग्या येतात.

म्हणून पडल्यावर हाड शाबूत असूनही दोन-तीन आठवड्यांत दुखणं हटलं नाही, तर पुन्हा अस्थितज्ज्ञांना दाखवावं. मूठ घट्ट आवळून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधली फट कधी कधी उघडी पडते. गरज पडल्यास एमआरआय करतात. ताजी इजा दुरुस्त करणं सोपं, जुनी अवघड. चोळून घेण्याची घाई मात्र करू नये.

माझा बंध अर्धवटच तुटला होता. पट्टा आणि व्यायाम यांवर भागलं. लेखणी पुन्हा हाती आली, पण एक धडा मिळाला. काही मोडलेलं दिसत नाही, याचा अर्थ काही तुटलेलं नाही, असा होत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)