निद्रारोग आणि त्से-त्से माशी: समज किती, खरं किती

निद्रारोग झालेला माणूस रात्रंदिवस झोपून राहतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्याच्या झोपेची घडीच विस्कटते: भरदुपारी बसल्या जागी डोळा लागतो, रात्र मात्र टक्क जागी जाते. तेही पुष्कळ उशिरा. आधी ताप, डोकेदुखी, सांधेदुखी. मानेमागच्या गाठी सुजतात. ट्रिपॅनोसोमा हा परजीवी मेंदूत शिरला की स्वभाव बदलतो, बोलणं अडखळतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या प्रकारात इथवर यायला कित्येकदा वर्षं लागतात. तोवर ताप मलेरियाचा वाटतो आणि बदललेलं वागणं वेडाचं. रुग्णाचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

त्से-त्से चावली की रोग झालाच, हेही खरं नाही. रोगाच्या पट्ट्यातही फार थोड्या माश्या हा परजीवी बाळगून असतात. त्या उकिरड्यावर वाढत नाहीत. नदीकाठची झाडी आणि सवाना हे त्यांचं ठिकाण, आणि चावतात त्या दिवसा. नर-मादी दोघंही रक्तावर जगतात. मादी एका वेळी एकच अळी पोटात वाढवते. वाढ इतकी संथ असल्यानेच निळ्या कापडाचे सापळे कामी येतात. झांझिबारच्या उंगुजा बेटावर कीटकनाशकांच्या जोडीला वंध्य केलेले नर सोडले आणि १९९७ पर्यंत ही माशी तिथून नाहीशी झाली.

भारतात त्से-त्से नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ट्रिपॅनोसोमाचा संसर्ग झाल्याची २००५ सालची नोंद आहे, पण तो परजीवी गुरांना होणाऱ्या सर्रा या रोगाचा होता. त्याला मारणारं, माणसाच्या रक्तात एरवी असणारं प्रथिन या शेतकऱ्याच्या रक्तात नव्हतं. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

‘औषधच नाही’ हा समज जुन्या अनुभवातून आला आहे. मेंदूपर्यंत पोचलेल्या रोगावर मेलार्सोप्रॉल हे आर्सेनिकयुक्त औषध शिरेतून देत, आणि शंभरातले सुमारे पाच रुग्ण त्या औषधानेच दगावत. २०१८ मध्ये फेक्सिनिडाझोलला मान्यता मिळाली. आता बऱ्याच रुग्णांना दहा दिवसांच्या गोळ्या पुरतात.

मला सर्वांत धोकादायक वाटतो तो मात्र ‘रोग संपलाच’ हा समज. १९६० च्या दशकात तो जवळजवळ संपला होता. मग गावोगावची तपासणी ढिली पडली आणि १९९८ मध्ये नोंदलेले रुग्ण चाळीस हजारांच्या घरात गेले. पथकं पुन्हा गावांत जाऊन रक्त तपासू लागली, तेव्हा २०१८ पर्यंत हा आकडा हजाराखाली आला. उरलेले बहुतेक रुग्ण काँगो लोकशाही प्रजासत्ताकात आहेत, आणि तिथल्या कित्येक गावांपर्यंत सूक्ष्मदर्शक आजही होडीतून किंवा मोटरसायकलवरून न्यावा लागतो.