लाखाचं कार वॅक्स: डबीत नेमकं असतं काय, आणि पुण्यातल्या गाडीला त्याचा उपयोग किती?

हल्ली रील्समध्ये एक प्रकार सारखा समोर येतो. लाकडी पेटी उघडते, आत मखमल, मखमलीत एक बरणी, आणि हातमोजे घातलेला माणूस त्यातलं लोण्यासारखं काहीतरी काढून काळ्याभोर गाडीच्या बॉनेटवर हळुवार चोळतो. मग खाली किंमत येते आणि आपण स्क्रोल करायचं थांबतो. अमेरिकेतल्या झायमोल कंपनीच्या वरच्या वॅक्सची किंमत काही हजार डॉलर आहे, म्हणजे आपले काही लाख रुपये. स्वित्झर्लंडच्या स्विसवॅक्सची वरची वॅक्सही अशीच खिसा रिकामा करणारी. एवढ्या पैशांत आपल्याकडे बऱ्यापैकी सेकंडहँड गाडी येते.

लाखाची डबी तुम्ही-आम्ही घेणार नाही, हे उघड आहे. पण तोच प्रश्न लहान आकड्यांत आपल्यापर्यंत येतोच. पहिली गाडी घेतलेली असते, ईएमआय नुकता सुरू झालेला असतो, आणि शोरूममधला माणूस डिलिव्हरीच्या दिवशी ‘सर, कोटिंग करून घ्या, रंग नव्यासारखा राहील’ म्हणत काही हजारांचं पॅकेज पुढे सरकवतो. किंवा मित्र आठ-दहा हजारांचं परदेशी वॅक्स मागवून त्याची तारीफ करत असतो. हे पैसे द्यायचे का? माझं उत्तर बहुतेकांसाठी ‘नाही’ असं आहे. पण का नाही, हे समजून घेतलं तर पुढचा कुठलाही सेल्समन तुम्हाला सहज गुंडाळू शकणार नाही.

चमक येते कुठून?

आजच्या गाडीवर रंगाचे थर असतात. पत्र्यावर गंजरोधक थर आणि प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी भरते साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी किंवा त्याहून थोडी जास्त. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. आणि वॅक्सचा थर? चोळून पुसून झाल्यावर जे उरतं ते एक मायक्रॉनपेक्षाही कमी.

मोबाईलचंच उदाहरण घ्या. नवीन फोनची काच आरशासारखी दिसते, कारण तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि प्रकाश सरळ परत येतो. वर्षभर खिशात राहिली की बारीक ओरखडे पडतात, प्रकाश वेडावाकडा विखुरतो आणि काच धुरकट दिसायला लागते. गाडीचंही तसंच. चमक क्लिअर कोटच्या गुळगुळीतपणातून येते. वॅक्स बारीक ओरखड्यांत भरून राहतं, त्यामुळे ते काही दिवस कमी दिसतात, आणि त्यातल्या तेलांमुळे गडद रंग जरा ओलसर, खोल वाटतो. ओरखडे मात्र जागच्या जागी असतात. ते घालवायचे तर पॉलिश करून क्लिअर कोटचा एक-दोन मायक्रॉन घासून काढावा लागतो, आणि ते दर सहा महिन्यांनी करत बसलो तर क्लिअर कोट किती वर्षं पुरेल याचा हिशोब तुम्हीच करा.

वॅक्सचं दुसरं काम फोनच्या स्क्रीनवरच्या तेलकटपणा टाळणाऱ्या कोटिंगसारखं आहे: पाणी, धूळ, चिकट घाण पृष्ठभागाला घट्ट धरत नाही. पाण्याचे गोल गोल मणी होतात ते यामुळेच. हे काम खरं आहे, उपयोगाचं आहे. फक्त ते करायला लाख रुपये लागत नाहीत.

डबीत असतं काय?

महाग वॅक्सचा सगळा डोलारा कार्नौबा या एका शब्दावर उभा आहे. हे ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडाच्या जातीतल्या झाडाचं मेण. तिथलं ऊन कडक आणि हवा कोरडी, म्हणून पानातलं पाणी उडू नये यासाठी झाड पानांवर मेणाचा थर चढवतं. पानं तोडतात, वाळवतात, झोडपून मेणाची भुकटी काढतात. नैसर्गिक मेणांत हे सगळ्यात टणक मेणांपैकी एक. ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशालाच वितळतं.

एवढं दुर्मिळ वाटतंय ना? मग घरातल्या चकचकीत गोळ्या-चॉकलेटचं पाकीट उलटं करून बघा. घटकांच्या यादीत ‘९०३’ हा आकडा दिसला तर ते कार्नौबाच. औषधाच्या गोळ्यांना, लिपस्टिकला, फळांना चमक द्यायला ते सर्रास वापरतात. साधं कार्नौबा आपल्याकडे साबण-लिपबाम बनवणाऱ्यांच्या दुकानात किलोला हजार-दोन हजारांच्या घरात मिळतं. गाडीसाठी फिकट रंगाचं, जास्त शुद्ध कार्नौबा घेतात, ते महाग असतं. पण किलोला लाख नक्कीच नाही.

आणि शुद्ध कार्नौबा गाडीला लावताच येत नाही. ते दगडासारखं कडक आणि ठिसूळ असतं. म्हणून त्यात तेलं, दुसरी मऊ मेणं आणि उडून जाणारे द्रव मिसळावे लागतात. म्हणजे कार्नौबाचं प्रमाण एका हद्दीपुढे वाढवून उपयोगच नाही, लावताना हात दुखतील. डबीवरची टक्केवारी वजनाची की आकारमानाची, हेही बघायला हवं. दोन्हींत चांगलाच फरक पडतो. उरलेले पैसे बरणीला, वासाला, हाताने ओतल्याच्या गोष्टीला आणि नावाला जातात. काही कंपन्या सगळ्यात महाग बरणी आयुष्यभर फुकट भरून देतात. ही सोय चांगली आहे, पण तिची किंमत तुम्ही आधीच मोजलेली असते.

मी स्वतः एक साधा प्रयोग करून बघितला. आमच्या सोसायटीतल्या मित्राकडे परदेशातून आणलेली दहा हजारांच्या आसपासची कार्नौबा वॅक्सची डबी होती. नाना पेठेतून मी सहाशे रुपयांचं सिंथेटिक सीलंट आणलं. फेब्रुवारीत माझ्या गडद निळ्या हॅचबॅकचं बॉनेट नीट धुवून, मास्किंग टेप लावून तीन पट्ट्या केल्या: एक महाग, एक स्वस्त, एक कोरी. टेप काढल्यावर मित्र, त्याची बायको आणि वॉचमनकाका अशा तिघांना विचारलं. कोरी पट्टी तिघांनी ओळखली. महाग कुठली यावर मात्र मतभेद, आणि खुद्द डबीच्या मालकाने सहाशेवाल्या पट्टीवर बोट ठेवलं. मार्च संपेपर्यंत महाग पट्टीवर पाणी पसरायला लागलं होतं. स्वस्त पट्टीवर तेव्हाही मणी होत होते.

एका बॉनेटवरून शास्त्र सिद्ध होत नाही, मान्य. पण यात आश्चर्य काही नव्हतं. नैसर्गिक मेण ऊन, पाऊस आणि शाम्पूपुढे काही आठवडे टिकतं, तर सिंथेटिक सीलंट मुळात टिकण्यासाठीच बनवलेलं असतं आणि बहुधा काही महिने जातं. मे महिन्यात उघड्यावर उभ्या गडद गाडीचा पत्रा हाताला चटका देतो. कार्नौबा स्वतः तग धरेल, पण त्यात मिसळलेली मऊ मेणं आणि तेलं इतकी दणकट नसतात.

पुण्यात रंग खराब करतं कोण?

तुमच्या गाडीच्या रंगाचा सगळ्यात मोठा शत्रू रोज सकाळी सहा वाजता येतो, आणि त्याला महिन्याला पैसेही तुम्हीच देता. शत्रू म्हणजे ते पुसणारे काका नव्हेत, त्यांच्या हातातलं फडकं. बाणेर असो, वाघोली असो की कोथरूड, पद्धत एकच: एक बादली, एक फडकं, तीस-चाळीस गाड्या. पुण्यात बांधकामं थांबत नाहीत, त्यामुळे रोज रात्री गाडीवर सिमेंट आणि वाळूची बारीक धूळ बसते. कोरड्या धुळीवर ओलं फडकं फिरलं की ते सँडपेपरचं काम करतं. उन्हात बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात ते हेच. त्या फडक्यापुढे एक मायक्रॉनचं वॅक्स, मग ते सहाशेचं असो की सहा लाखांचं, काय करणार?

काकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना दोन तासांत सगळ्या गाड्या उरकायच्या असतात आणि बऱ्याच सोसायट्यांत नळाला पाइप लावू देत नाहीत. मी एवढंच केलं: तीन मायक्रोफायबरची फडकी आमच्या काकांकडे दिली आणि म्हटलं, ‘काका, माझी गाडी रोज नका पुसू, फक्त काचा पुसा. रविवारी मी धुतो.’ ते खूश, मीही खूश. पैसे तेवढेच देतो. रविवारी दोन बादल्या घेतो, एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. आधी मगाने पाणी ओतून धूळ खाली सोडायची, मग वरून खाली हलक्या हाताने. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स धुवून काढतो. सगळं सामान दीड हजारात येतं.

दुसरा शत्रू पाणी. ज्या भागात बोअर किंवा टँकरचं पाणी येतं तिथे ते क्षारांनी जड असतं. गाडीवर थेंब वाळला की पांढरं वर्तुळ उरतं, आणि उन्हात ते पक्कं बसतं. इथे एक गंमत आहे: वॅक्स लावलेल्या गाडीवर पाण्याचे छान मणी होतात, आणि पुसून घेतले नाहीत तर प्रत्येक मणी आपापलं वर्तुळ सोडून जातो. म्हणून वॅक्स असो वा नसो, धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. ताजे डाग पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून पुसले की बहुतेक जातात. त्यानंतर साध्या पाण्याने धुवा आणि तिथलं वॅक्सही गेलं असं समजा.

पक्ष्यांची विष्ठा तिसरी. ती आम्लधर्मी असते आणि तापलेल्या पत्र्यावर काही तासांतच क्लिअर कोटला खड्डा पाडू शकते. वॅक्स तुम्हाला थोडा वेळ मिळवून देतं, बस. पाण्याची बाटली आणि एक मऊ फडकं गाडीत ठेवा.

टेफ्लॉन, सिरॅमिक आणि बॉनेटवरची आग

शोरूममधलं ‘टेफ्लॉन कोटिंग’ हा शब्द तव्यावरून उचललाय. तव्यावर टेफ्लॉन बसवायला ३०० अंशांपेक्षा जास्त तापमानाची भट्टी लागते. तुमचं बॉनेट त्यात घातलं तर रंगच जळून जाईल. डबीत टेफ्लॉनची पूड असली तरी ती तव्यासारखी चिकटत नाही.

सिरॅमिक कोटिंग मात्र वेगळं प्रकरण आहे. ते रंगावर रासायनिकरीत्या घट्ट बसतं, वर्ष-दोन वर्षं टिकू शकतं, आणि धुणं सोपं करतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ‘९एच’ म्हणजे पेन्सिलच्या कडकपणाची पट्टी आहे, हिऱ्या-माणकांची नव्हे. किल्लीचा ओरखडा उठणारच. आणि बिलातला मोठा भाग कोटिंग लावण्याआधीच्या पॉलिशच्या मेहनतीचा असतो, त्यामुळे बाटलीपेक्षा कारागीर बघून दुकान निवडा.

बॉनेटवर लायटरचं इंधन ओतून पेटवणारे व्हिडिओ विसरून जा. जळते ती वरची वाफ, तीही काही सेकंद. कोटिंग नसलेल्या रंगालाही तेवढ्यात सहसा काही होत नाही. आणि हो, घरी करून बघू नका.

महाग वॅक्सला जागाच नाही का? आहे. आजोबांची प्रीमियर पद्मिनी अजून कुणी जपून ठेवली असेल, तर तिच्या मूळ रंगावर क्लिअर कोट नसतो. रंग थेट उन्हाला तोंड देतो आणि खडूसारखा पांढरट पडतो. पुसताना फडक्याला गाडीचा रंग लागला तर समजा एकच थर आहे. अशा रंगाला तेलं असलेलं कार्नौबा खरोखर मानवतं, पण तिथेही हजारभराची डबी पुरते. आणि कुणाला रविवारी दोन तास वॅक्सच्या वासात आणि चोळण्यात आनंद मिळत असेल, तर तो छंद आहे. छंदाला हिशोब लावायचा नसतो. फक्त त्याला गाडीची सुरक्षा म्हणू नका.

बाकीच्यांनी वर्षातून दोनदा साधं सीलंट लावलं तरी पुरे: एकदा मे अखेरीस, पाऊस यायच्या आधी, आणि एकदा दिवाळीत. मधे शंका आली तर धुतलेल्या बॉनेटवर मगभर पाणी ओता. मणी झाले तर थांबा, पाणी चादरीसारखं पसरून बसलं तर पुढच्या रविवारी डबी बाहेर काढा.