कामाला लागलेला हात

कंपवाताच्या रोग्याजवळ कांहीं वेळ बसलें असतां एक चमत्कारिक गोष्ट नजरेस पडते. मांडीवर स्वस्थ ठेवलेला त्याचा हात एकसारखा थरथरत असतो. परंतु तोच हात पाण्याचा पेला उचलण्यास पुढें झाला कीं, पुष्कळ वेळां थरथर कमी होते. सर्वच रोग्यांत असें घडतें असें नाहीं. तथापि रिकाम्या हातापेक्षां कामाला लागलेला हात अधिक स्थिर असणें, हें या रोगाचें एक ठळक लक्षण होय. दुर्दैव असें कीं, घरांतील प्रेमळ माणसें नेमकीं याच्या उलट वागतात. सासऱ्याचा हात थरथरतो म्हणून सून त्याच्या हातांतून पेला काढून घेते. पुढें घासही तीच भरविते. आणि वर्ष-सहा महिन्यांत त्याचे हात खरोखरच रिकामे होतात. रोगानें जें नेलें नव्हतें, तें मायेनें नेलें जातें.

मज्जासंस्थेचा हळूहळू ऱ्हास करणारे जे रोग आहेत, त्यांपैकीं कंपवात हा एक. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं त्याचें वर्णन केलें, म्हणून त्यास त्यांचें नांव मिळालें. मेंदूच्या खोल भागांतील डोपामिन नांवाचें द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी यांत झिजत जातात. अल्झायमरच्या रोगांत स्मृतीवर घाला येतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्यें मज्जातंतूंवरील आवरण खराब होतें. आणि मोटर न्यूरॉन रोगांत स्नायूंना चालना देणाऱ्या पेशीच नष्ट होतात. औषधांनीं यांपैकीं कित्येकांचा त्रास कमी होतो, परंतु रोगाचें निर्मूलन होत नाहीं. अशा स्थितींत ‘बरें केव्हां होणार?’ हा प्रश्न निरुपयोगी ठरतो, आणि ‘आजचा दिवस या माणसानें कसा घालवावा?’ हा प्रश्न पुढें येतो. व्यवसायोपचाराचें शास्त्र या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधतें.

व्यवसाय या शब्दाचा अर्थ येथें पोटाचा धंदा असा नव्हे. दांत घासण्यापासून देवपूजेपर्यंत माणूस दिवसभर जें जें करतो, तें सर्व त्यांत येतें. हें शास्त्र या देशांत रुजविण्याचें श्रेय कमलाबाई निंबकर यांना आहे. अमेरिकेंत जन्मलेल्या आणि विवाहानें महाराष्ट्राच्या सून झालेल्या या बाईंनीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं या विषयाची शाळा काढली. स्नायूंचें बळ, तोल आणि चाल यांकडे मुख्यतः भौतिकोपचारतज्ज्ञ पाहतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ प्रथम विचारतो, ‘कोणतें काम स्वतःच्या हातानें करावें, अशी इच्छा आहे?’ मग त्या कामाचे तो बारीक तुकडे पाडतो, आणि अडचण नेमकी कोणत्या तुकड्यांत आहे तें हुडकून काढतो.

जळगांवच्या घरांतील भरीत-भाकरीचें जेवण घ्यावें. भाकरी मोडणें, तुकडा भरितांत बुडविणें, घास उचलणें, तोंडापर्यंत नेणें, अशीं ही चार कामें आहेत. रोग्याला बहुधा पहिलें आणि शेवटचें जड जातें. तेव्हां भाकरीचे तुकडे आधीं करून द्यावेत. ताट सरकूं नये म्हणून त्याखालीं ओलें फडकें घालावें. ताट उभ्या कांठाचें असावें. कोपर मेजावर टेकवून घास उचलूं द्यावा. चमच्याची मूठ बारीक असेल, तर तिच्यावर जाड रबरी नळीचा तुकडा चढवावा. गोळीचा अंमल चढलेला असेल, तीच जेवणाची वेळ धरावी. एवढें केल्यावर चारांपैकीं तीन कामें रोग्याकडेच राहतात.

चालतांना कंपवाताच्या रोग्याचे पाय एकाएकीं जमिनीस खिळून राहतात, आणि हें विशेषतः दाराच्या उंबरठ्यापाशीं घडतें. जी चाल एरवीं विचार न करतां घडे, ती आंतून सुरूच होत नाहीं. परंतु बाहेरून खूण मिळाली, तर मेंदू दुसऱ्या वाटेनें तेंच काम करूं शकतो. म्हणून दारापाशीं जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवितात. रोगी एकेक पट्टी ओलांडावयाची असें मनाशीं ठरवितो आणि पाऊल उचललें जातें. कोणी ‘एक, दोन’ असें मोजतो. खानदेशांतील जी वृद्धा जात्यावर ओव्या गात वाढली, तिला ओवीचा ठेकाही उपयोगीं पडूं शकेल.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतींत खानदेशाला एका गोष्टीची विशेष दखल घ्यावी लागते, ती म्हणजे ऊन. शरीराची उष्णता वाढली कीं या रोग्यांची दृष्टि आणि शक्ति तात्पुरती मंदावते. जर्मन नेत्रवैद्य ऊटहॉफ यांनीं १८९० सालींच हें नोंदविलें होतें. वैशाखांत जळगांवचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत स्वयंपाक, बाजार, स्नान हीं कामें पहांटे उरकावींत, दुपारीं विसावा घ्यावा, मानेभोंवतीं ओला पंचा ठेवावा आणि कामें बसून करावींत, ही आखणी म्हणजेच उपचार होय.

मोटर न्यूरॉन रोगांत शक्ति जपून वापरणें आणि पुढचें ओळखून तयारी करणें महत्त्वाचें ठरतें. वाचा जाण्यापूर्वींच अक्षरफलकाकडे बोट किंवा दृष्टि वळवून बोलण्याची संवय लावावी लागते. याउलट, स्मृतिभ्रंशांत हातांची आठवण मनाच्या आठवणीहून अधिक काळ टिकते. मुलीचें नांव विसरलेली आई कापसाच्या वाती वळूं शकते, तूर निवडूं शकते. तें काम तिच्या हातांत देणें म्हणजे तिची करमणूक नव्हे. घरांतील तिची जागा तिला परत देणें होय.

या उपचाराची परीक्षाही झाली आहे. नेदरलंडमध्यें कंपवाताच्या १९१ रोग्यांवर केलेला प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. दहा आठवडे घरीं येऊन उपचार मिळालेल्यांना आपलीं निवडलेलीं कामें अधिक चांगलीं जमूं लागल्याचें आढळलें. उलट, ब्रिटनमधील ७६२ रोग्यांच्या प्रयोगांत, २०१६ सालच्या अहवालाप्रमाणें, सौम्य ते मध्यम रोग असणाऱ्यांना भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांच्या मोजक्या भेटींपासून लाभ दिसला नाहीं. सारांश, चार भेटींत जादू होईल अशी अपेक्षा करूं नये.

हें शिक्षण देणारीं सार्वजनिक महाविद्यालयें मुंबईस आणि नागपुरास आहेत, आणि जळगांव त्या दोहोंच्या लोहमार्गावर जवळजवळ मध्यावर आहे. धुळ्याच्या कुटुंबास चाळीसगांवास येऊन हाच मार्ग धरतां येतो. एवढा प्रवास वारंवार शक्य नसतो, हें खरें. म्हणून पहिल्या भेटीसच न्हाणीघर, उंबरठा, खाट यांचीं छायाचित्रें व मापें आणि रोग्याच्या दिनक्रमाचें टिपण बरोबर न्यावें. पुढील सल्ला दूरध्वनीवरून मिळेल कीं नाहीं तें तेथेंच विचारून घ्यावें. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत कंपवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा समावेश आहे, हेंही कुटुंबानें ध्यानांत ठेवावें.

परंतु उपचाराचा आरंभ प्रवासाच्या आधीं, घरींच होतो. उद्यां सकाळीं सासऱ्याचा हात पेल्याकडे थरथरत निघेल, तेव्हां सुनेनें पेला अर्धाच भरावा, तो मेजावर त्याच्या जवळ ठेवावा आणि क्षणभर थांबावें. थोडें पाणी सांडेल. तें पुसतां येतें.