तलाव, तुडूम आणि व्यवस्थापनशास्त्र

वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात वसलेल्या करडी गावच्या एखाद्या धानउत्पादक शेतकऱ्यासमोर व्यवस्थापनशास्त्राचे नाव काढले, तर ते कारखानदारांचे आणि मोठ्या कंपन्यांचे शास्त्र असावे, आपला त्याच्याशी काय संबंध, असेच तो म्हणेल. परंतु या शास्त्राने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जे दोन सिद्धान्त मोठ्या परिश्रमाने प्रस्थापित केले, की कोणताही घटक समग्रापासून तोडून समजून घेता येत नाही आणि माणसांच्या संस्कृतीला वगळून त्यांच्या कामाची रचना करता येत नाही, त्या दोहोंचा प्रत्यक्ष व्यवहार ज्या प्रदेशात कित्येक पिढ्या चालत आला, तो हा तलावांचा प्रदेश होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी, १९११ साली, फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने शास्त्रशुद्ध व्यवस्थापनाचा ग्रंथ लिहिला, तेव्हा कामाचे लहान लहान तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकडा अधिकाधिक कार्यक्षम करावा, म्हणजे सगळे काम आपोआप सुधारेल, अशी त्यामागची श्रद्धा होती. तिला पहिला तात्त्विक छेद दिला तो एका जीवशास्त्रज्ञाने. लुडविग फॉन बर्टालान्फी यांनी सजीवांच्या अभ्यासातून असे दाखविले, की अवयवांची बेरीज म्हणजे देह नव्हे. देह उभा राहतो तो अवयवांच्या परस्परसंबंधांवर. पुढे जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली हाच विचार कारखान्यांच्या चढउतारांना लावला, आणि १९९० साली पीटर सेंगे यांच्या ग्रंथाने तो जगभरच्या व्यवस्थापकांपर्यंत पोहोचविला. आजचा उपाय उद्याच्या अडचणीचे कारण कसा होतो, आणि कारण व परिणाम यांच्यात वर्षांचे अंतर पडले म्हणजे माणूस त्यांचा संबंध कसा विसरतो, हा या प्रणालीविचाराचा गाभा आहे.

आता आपल्या तलावाकडे पाहू. वरच्या जंगलातून आणि माळरानातून वाहत येणारे पाणी मातीची लांब पाळ घालून अडविलेले असते. पाळीच्या पोटात पाणी सोडण्याचे तुडूम, एका अंगाला जादा पाणी निघून जाण्यासाठी सांडवा, आणि खाली उतारावर एकीतून दुसरीत पाणी झिरपेल अशा धानाच्या बांध्या. आषाढात पऱ्हे तयार होऊन रोवणी होते आणि सारे पावसावर सोपविलेले असते. परंतु भाद्रपद-आश्विनात धान निसवण्याच्या ऐन वेळी पावसाने पाठ फिरविली, म्हणजे तुडुमातून मिळणारे एक-दोन पाणी वर्षाचे पीक राखते. या पाण्याची पाळी गाव ठरवी, आणि ती सांभाळणाऱ्या गड्याला सुगीत धान्याचा वाटा मिळे. उन्हाळ्यात तलाव आटला, की तळाचा गाळ शेतकरी बैलगाडीने आपल्या बांध्यांत नेऊन टाकीत; त्यामुळे शेताला खत मिळे आणि तलावाची खोलीही राही. काठाच्या उथळ पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतींच्या आधाराने मरळ, शिंगी यांसारखे मासे वाढत, आणि त्यांच्यावर ढिवर समाजाची कुटुंबे जगत. जंगल राखले नाही तर गाळ वाढे, गाळ उपसला नाही तर पाणी घटे, पाणी घटले तर धान आणि मासा दोन्ही जात. सेंगे यांच्या शिष्यांनी फळ्यावर बाणांच्या वर्तुळांनी जे काढून दाखविले असते, ते येथे दरवर्षी डोळ्यांसमोर घडत होते.

ही रचना कोणी केली, हे सांगताना संस्कृतीचा प्रश्न आपोआप पुढे येतो. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास जमिनीची सनद देण्याचे धोरण ठेवले, आणि ऊस व धान पिकविण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाने त्या आश्वासनावर आपले कौशल्य पणाला लावले. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी लोकपरंपरा आहे. श्रम, सनद, जातीचे कसब आणि गावची रूढी यांच्या संयोगातून तलाव उभे राहिले. येथे रूढी हाच कारभाराचा पाया होता.

डच संशोधक हेर्ट हॉफस्टेड यांनी एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्यांची चाळीस देशांतील उत्तरे ताडून १९८० साली असे प्रतिपादन केले, की अमेरिकेत जन्मलेले व्यवस्थापनाचे सिद्धान्त अन्यत्र जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण सत्तेतील अंतर समाज किती सहन करतो, व्यक्तीला किती महत्त्व देतो, हे देशोदेशी निराळे असते. त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र एका अफाट देशाला एकच आकडा देणे मला पटत नाही, कारण झाडीपट्टीच्या गावाचा कारभार आणि साताऱ्याच्या गावाचा कारभार यांत अंतर आहेच. शिवाय आपल्या जुन्या व्यवस्थेतील सत्तेचे अंतरही निखळ सत्याने सांगितले पाहिजे. मालगुजाराच्या शब्दावर वेठ होती, आणि पाण्याच्या निर्णयात ढिवरांचा आवाज क्षीण होता. ती व्यवस्था जशीच्या तशी परत आणावी असे कोणीही म्हणू नये.

तत्कालीन मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ रोजी तिचे हक्क सरकारजमा झाले. हा न्याय होता आणि तो व्हायलाच हवा होता. परंतु मालगुजाराबरोबर, वाजिब-उल-अर्जात नोंदलेल्या रूढींमागे उभी असलेली जबाबदारीही नाहीशी झाली, आणि तिच्या जागी आली ती खात्यांची विभागणी. जमीन महसूल खात्याकडे, लहान तलावांचे पाणी जिल्हा परिषदेकडे आणि मोठ्यांचे पाटबंधाऱ्यांकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, वरचे जंगल वनखात्याकडे. टेलर यांची तुकड्यांची पद्धत अशा रीतीने एका सजीव रचनेवर बसविली गेली. पूर्व विदर्भातील सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलावांपैकी कितीतरी गाळाने भरले आणि बेशरमीच्या झुडपांनी वेढले गेले, याचे मोठे कारण प्रत्येक खाते आपला तुकडा नीट सांभाळत असूनही समग्राचा धनी कोणीच उरला नाही, हे आहे.

२०१७ साली राज्याने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली. हेतू उत्तम, आणि जुन्या रिवाजाशी जुळणाराही. परंतु यंत्राने एकसारखा खोल खड्डा काढला, म्हणजे पाणी वाढते आणि ज्या उथळ उतारावर पाणवनस्पती रुजतात व मासे अंडी घालतात तो उतार जातो. गाळ किती काढला याचा हिशेब घनमीटरात होतो. मासा किती गेला याचा हिशेब कोणत्याच फायलीत येत नाही. कोठून किती खणावे, हे विचारावयाचेच असेल तर ढिवर बायाबापड्यांना विचारावे लागेल, कारण तळाचा नकाशा त्यांच्या पायांना ठाऊक असतो.

अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखविले होते, की सामाईक पाणी, कुरण, मासेमारी यांचा ऱ्हास अटळ नाही. वापरणाऱ्यांनीच नियम केले, त्यांच्यावर देखरेख ठेवली आणि नियम मोडणाऱ्यास क्रमाक्रमाने दंड केला, तर सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकते. या अभ्यासासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. आपल्याकडे २००५ च्या अधिनियमाने पाणीवापर संस्थांना सिंचनाचे व्यवस्थापन दिले, ही चांगली सुरुवात आहे. पण त्या संस्थेचा पाया लाभक्षेत्रातील जमीन हा आहे, आणि ज्याच्यापाशी जमीन नाही, पण ज्याचे पोट त्याच पाण्यावर आहे, तो मासेमार तिच्या बाहेरच राहतो.

म्हणून करडी आणि आसपासच्या ग्रामसभांना माझी विनंती आहे, की आपल्या तलावाची पाळ, तुडूम, गाळ, मासेमारी आणि वरचे रान यांची एकच सभा भरवावी, तिच्यात शेतकरी, ढिवर आणि बिनजमिनीची कुटुंबे समान अधिकाराने बसवावीत, आणि तिचा ठराव घेऊनच जिल्हा परिषदेचे दार ठोठवावे.