विश्लेषण : ‘नवसागर’मध्ये सागर आला कुठून? कल्हईच्या क्षाराचे इजिप्तच्या देवाशी नाते काय?

हातभट्टीवरील छाप्याच्या बातमीत ‘गूळ-नवसागरमिश्रित रसायन’ हे शब्द हमखास असतात. पितळी पातेल्यांना कल्हई करणाऱ्याकडेही नवसागराची पांढरी पूड असते. नाव ऐकून हे समुद्राचे मीठ वाटते. प्रत्यक्षात समुद्राशी त्याचा संबंध नाही.

नवसागर म्हणजे काय?

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. दिसायला मिठासारखे, पण खाण्याचे मीठ नव्हे. मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड.

मग ‘सागर’ कुठून आला?

फारसीत या क्षाराला ‘नौशादर’, हिंदीत ‘नौसादर’, तर संस्कृतात ‘नवसादर’ किंवा ‘नवसार’ म्हणतात. मराठीत त्याचे रूप ‘नवसागर’ झाले.

‘अमोनियम’ हे नाव कशामुळे?

इजिप्तच्या वाळवंटात सीवा येथे अमुन देवाचे मंदिर होते. ग्रीक त्याला ‘अम्मोन’ म्हणत. इ. स. पूर्व ३३१ मध्ये सिकंदर तिथे कौल घ्यायला गेला होता. त्या भागातून येणाऱ्या मिठाला ‘अम्मोनचे मीठ’ म्हणत. ते बहुधा साधे खनिज मीठच होते. हे नाव नवसागराला नंतर चिकटले. पुढे इजिप्तमध्ये उंटाचे शेण जाळून उरलेल्या काजळीपासून नवसागर बनू लागला आणि युरोपात जाऊ लागला. जोसेफ प्रिस्टले यांनी १७७४ मध्ये त्यापासून एक उग्र वायू वेगळा केला. १७८२ मध्ये टॉर्बर्न बर्गमन यांनी त्याला ‘अमोनिया’ नाव दिले. आज युरिया याच वायूपासून बनतो.

कल्हईत त्याचे काम काय?

तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकताच त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराईड धातूवरचा ऑक्साईडचा थर काढतो. त्यामुळे २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील भांड्याला घट्ट धरते. दोन्ही वायू थंड होताना पुन्हा एकत्र येतात. तोच पांढरा धूर.

काळजी काय घ्यावी?

हा धूर डोळे आणि घसा चुरचुरवतो, म्हणून कल्हई उघड्यावरच करावी. नवसागर चुन्यात मिसळू नये. त्यातून अमोनिया वायू सुटतो. घरात पूड उरली असेल, तर डब्यावर नाव लिहून ती स्वयंपाकघराबाहेर ठेवावी. चुटकीभर पुडीत मीठ कोणते आणि नवसागर कोणता, हे नुसते पाहून कळत नाही.