गृहसजावट : हौसेतून व्यवसायाकडे

सांगली शहराच्या उत्तरेला लागून असलेले माधवनगर हे पेठेचे आणि यंत्रमागांचे गाव. येथील जुन्या घरांत खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशी रचना सर्रास आढळे. कापडाचे गठ्ठे कोठे ठेवायचे, वर्षाचे धान्य कोठे साठवायचे, पर्युषणात आलेल्या पाहुण्यांची झोपण्याची सोय कशी करायची, हे सारे मर्यादित जागेत बसविण्याचे काम घरातील स्त्रीकडे असे. जागेचा हा हिशेब तिने कोणत्याही शाळेत न जाता आत्मसात केला. मात्र त्या कौशल्याला व्यवसाय म्हणावे, असे कोणाच्या मनात आले नाही.

आज सांगली-मिरजेच्या परिसरात सदनिकांची संख्या वाढली आहे आणि घर घेणारा ग्राहक सुताराला तोंडी सूचना देऊन थांबत नाही. त्याला आराखडा हवा असतो, अंदाजपत्रक हवे असते. त्यामुळे घरसंसार आणि दुकान सांभाळून अर्धवेळ शिक्षण घ्यावे आणि निवासी गृहसजावटीच्या व्यवसायात उतरावे, असा विचार व्यापारी कुटुंबांतील अनेक सुना-मुली करू लागल्या आहेत. या विचाराकडे घराने कसे पाहावे, हा प्रश्न केवळ त्या एकट्या स्त्रीचा नाही.

दोन आकडे

२००१ च्या जनगणनेत जैन स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण ९०.६ टक्के नोंदले गेले. देशातील कोणत्याही धर्मसमुदायातील स्त्रियांपेक्षा ते अधिक होते आणि त्याचा समाजाला रास्त अभिमान वाटला. त्याच जनगणनेत काम करणाऱ्या जैन स्त्रियांचे प्रमाण मात्र ९.२ टक्के होते, आणि ते सर्व समुदायांत कमी होते. त्या वेळी देशातील सर्व स्त्रियांचे सरासरी प्रमाण २५.६ टक्के होते. दुकानाच्या वह्या लिहिणारी, गिऱ्हाईक सांभाळणारी गृहिणी या मोजणीत बऱ्याचदा येत नाही, हे खरे. पण ती न येण्याचे कारणही विचार करण्याजोगे आहे : तिच्या श्रमाची नोंद घराच्या खतावणीतही नसते.

शिक्षणाच्या बाबतीत हा समाज मागे नव्हता. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने या भागात वसतिगृहांची परंपरा रुजविली. सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविकांच्या शिक्षणाला आयुष्य वाहिले. शिक्षणाचे दार अशा रीतीने पूर्वीच उघडले गेले. शिक्षणातून स्वतःच्या नावाच्या व्यवसायाकडे जाणारे दुसरे दार मात्र अनेक घरांत अजून अर्धेच उघडलेले आहे.

या व्यवसायाचा पूर्वेतिहास

गृहसजावटीचा आधुनिक व्यवसाय उभा करण्यात स्त्रियांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत एल्सी डी वुल्फ ही रंगभूमीवरील अभिनेत्री प्रौढ वयात या कामाकडे वळली आणि १९०५ मध्ये न्यूयॉर्कमधील स्त्रियांच्या कॉलनी क्लबचे काम तिच्याकडे आले. १९१६ मध्ये त्याच शहरात शेरिल व्हिटन यांनी घरी बसून अभ्यास करणाऱ्यांसाठी सजावटकलेचे पाठ सुरू केले आणि त्यातून पुढे एक नामांकित विद्यालय उभे राहिले. योगायोग असा की, त्याच १९१६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात महिला विद्यापीठाची स्थापना केली. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या सोयीने शिक्षणाने आपली वेळ बदलावी, हा विचार शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

भारतात १९७२ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. अंतर्गत सजावटकारांची अखिल भारतीय संस्था त्याच वर्षी स्थापन झाली आणि वास्तुविशारदांसाठीचा कायदाही त्याच वर्षी झाला. त्या कायद्याने 'आर्किटेक्ट' हे नाव नोंदणीकृत व्यक्तींपुरते राखून ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये हेच स्पष्ट केले की, कायद्याचे संरक्षण त्या उपाधीला आहे. गृहसजावटकाराला असा सक्तीचा परवाना लागत नाही. म्हणजे या व्यवसायात प्रवेश सोपा आहे. पण दार सर्वांना उघडे असल्यामुळे ग्राहकाने विश्वास कशावर ठेवावा, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पक्के शिक्षण हेच आहे. घराचा खांब, तुळई किंवा भार पेलणारी भिंत यांना हात लावण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घ्यावा, ही मर्यादाही त्या शिक्षणातच कळते.

अभ्यासात काय असते?

गृहसजावट म्हणजे पडद्यांचे रंग निवडणे, हा समज पहिल्या महिन्यातच दूर होतो. प्रथम मोजमाप येते. प्रत्यक्ष खोली फीत लावून मोजायची, ती १:५० अशा प्रमाणात कागदावर उतरवायची, मग तिचा आराखडा, दर्शनी नकाशा आणि छेद काढायचा. त्यानंतर मानवी शरीराची मापे : ओट्याची उंची उभ्या राहणाऱ्या व्यक्तीच्या कोपराशी जुळते का, कपाटाचे दार उघडल्यावर मागून माणूस जाऊ शकतो का. पुढे प्रकाश, वीजजोडणी, नळकाम, लाकूड-प्लायवूड-दगड यांचे गुणधर्म, अंदाजपत्रक, आणि ऑटोकॅड व स्केचअप यांसारख्या संगणक-प्रणाली.

अर्धवेळ म्हणजे किती वेळ, याचा हिशेब आधी मांडावा. आठवड्याला वर्गाचे सहा तास आणि घरी सरावाचे सहा तास धरले, तर ४८ आठवड्यांत ५७६ तास होतात. हे तास घरातल्या कोणाच्या तरी सहकार्यातून येतात. 'जमेल तेव्हा कर' असे म्हणणाऱ्या घरात ते कधीच जमत नाहीत; 'मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ तुझी' असे ठरविणाऱ्या घरात जमतात.

प्रवेश घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचे किंवा विद्यापीठाचे आहे? शिकविणाऱ्यांनी स्वतः किती घरांची कामे केली आहेत? प्रत्यक्ष बांधकामाच्या जागी किती वेळा नेतात? आणि मध्येच अभ्यास सोडावा लागल्यास शुल्काचे काय? या चारही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्यावरच पैसे भरावेत.

श्रावकाच्या घराची दृष्टी

जैन घरातून आलेल्या विद्यार्थिनीकडे जी समज असते, ती मोठ्या शहरातील निष्णात सजावटकाराकडेही सहसा नसते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबाचे भोजनस्थान पश्चिमेच्या उजेडाजवळ असले, तर चौविहाराच्या वेळी दिवा लावावा लागत नाही. पाणी गाळण्याचे गाळणे वाळविण्यास जागा, जिवाणीसाठी वेगळे भांडे, पक्के पाणी गार करण्यास झाकलेला कट्टा, या गोष्टी कोणत्याही तयार स्वयंपाकघराच्या नमुन्यात आढळत नाहीत. दिगंबर मुनिराज उभे राहून करपात्रात आहार घेतात. त्यासाठी लागणारा चौका आणि धुता येणारी मोकळी जमीन आराखड्यातच ठेवावी लागते. सामायिकासाठी शांत कोपरा आणि घरमंदिराची शुद्धता हेही त्याच वहीत लिहायचे.

सामग्रीच्या निवडीत अहिंसेचा विचार आणखी खोल जातो. जुन्या फर्निचरवरील झळाळी ज्या लाखेच्या पॉलिशची असते, ती लाख पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवरील कीटकांपासून मिळते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, याचे स्मरण येथे होते. सुतारकामातील पारंपरिक सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनत असे. १९५९ मध्ये बळवंतराय पारेख यांच्या उद्योगाने फेव्हिकॉल बाजारात आणले आणि सुताराला कृत्रिम गोंदाचा सोपा पर्याय मिळाला. चामड्याचा सोफा, रेशमी पडदे यांनाही उत्तम पर्याय आहेत. वाळवीचा प्रश्न अधिक अवघड. तेथे औषध मारण्याची वेळ येऊ नये, अशी रचना करणे हाच विवेक : ओल येणाऱ्या भिंतीला लाकूड टेकवू नये, जमिनीलगत कडाप्पा किंवा शहाबादी दगड वापरावा, कपाटामागे हवा खेळू द्यावी.

अपरिग्रह तर या व्यवसायाचा उत्तम मार्गदर्शक ठरू शकतो. ग्राहकाला अनावश्यक कपाट करू नका असे सांगणारी सजावटकार आज थोडे कमावते, पण तिचे नाव पेठेत टिकते.

सांगलीच्या संदर्भात आणखी एक धडा कृष्णेने दिला आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत घराघरांत पाणी शिरले आणि साध्या प्लायवूडची कपाटे फुगून निकामी झाली. नदीकाठच्या भागात तळमजल्याचे काम करताना वीजबिंदू उंचावर घेणे, खालच्या कपाटांना दगडी किंवा पोलादी आधार देणे, आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड वापरणे आणि दस्तऐवजांचे कपाट वरच्या मजल्यावर नेणे, हे येथील सजावटकाराला माहीत असलेच पाहिजे.

जमाखर्चाची बाजू

व्यवसाय म्हटला की शुल्क आले. समजा, ८०० चौरस फुटांच्या घराला चौरस फुटामागे ५० रुपये आकारले, तर ४० हजार रुपये होतात. आराखड्यास ६० तास, जागेवरील देखरेखीस ४० तास आणि खरेदीस २० तास धरले, तर १२० तासांचे काम. प्रवास व छपाईचे ४ हजार वजा जाता तासाला ३०० रुपये पडतात. नातेवाइकाचे घर 'आपलेच म्हणून' फुकट केले, तर नेमके काय दिले, हे या आकड्यावरून कळते. सवलत जरूर द्यावी, पण बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली सवलत दाखवावी; श्रमाचे मोल तरी नोंदले जाते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. तीन लाखांच्या मालावर दुकानदाराने दहा टक्के दलाली दिली, तर ते ३० हजार शुल्काच्या जवळपास जातात. मग सजावटकार कोणाची, ग्राहकाची की दुकानदाराची? अचौर्याचे व्रत मानणाऱ्या घरातील मुलीने ही रक्कम ग्राहकाला उघड सांगावी किंवा बिलातून वजा करावी. प्लायवूड, फरशी, कापड यांचे व्यापारी आप्तांतच असतात, म्हणून ही दक्षता अधिक हवी.

१९६१ च्या आयकर कायद्याने वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, लेखाकर्म यांच्या पंक्तीत अंतर्गत सजावटीचा नावानिशी उल्लेख केला आणि लहान व्यावसायिकांसाठी जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानण्याची अनुमानित करआकारणीही उपलब्ध केली. चालू नियम सल्लागाराकडून समजून घ्यावेत. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. संगणक, मोजमापाची साधने आणि लहानसे कार्यालय यांना एवढे भांडवल पुरते. पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाचे चालू खाते आणि वेगळी रोजकीर्द ठेवावी. घराच्या गल्ल्यात मिसळलेले उत्पन्न वर्षअखेरीस कोणालाच दिसत नाही, आणि पुढे कर्ज मागताना दाखविण्यास काही उरत नाही.

घराचा वाटा

व्यापारी कुटुंब मुलाला नवे दुकान काढून देते, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षे नफ्याची अपेक्षा ठेवत नाही; पेढीने जम बसविण्यास वेळ लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. सुनेच्या व्यवसायाला मात्र सहा महिन्यांत 'काय मिळाले?' असे विचारले जाते. दोघांना एकच माप लावले, तर अर्धे काम झाले. पहिल्या तीन कामांचे आराखडे, आधीची व नंतरची छायाचित्रे आणि खर्चाचा ताळेबंद जपून ठेवणे, हीच तिची पत. सासूबाईंनी संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून दोन दिवस आपल्याकडे घेतला, पतीने बांधकामाच्या जागी तिला 'ताई' नव्हे तर 'मॅडम' म्हणून ओळख करून दिली, सासऱ्यांनी पेढीवरील जुन्या कपाटांचे पहिले काम रीतसर शुल्क देऊन तिच्याकडे सोपविले, तर कोणत्याही बँकेच्या कर्जापेक्षा ते भांडवल मोठे ठरेल.